हातोड्याला बांधलेला मफलर

ओनेसीम मास्तरांनी गळ्यातला लोकरी मफलर काढला, पाण्याच्या पाटावरच्या लाकडी हातोड्याला तीन वेढे देऊन गच्च बांधला, आणि ला क्रेता गावात अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना स्वतःचा श्वास ऐकू आला.

शिक्षण खात्याने प्रत्येक मास्तराकडून आपापल्या गावाचा भूगोल, अर्थव्यवहार आणि इतिहास यांचं टिपण मागवलं होतं. उद्या सकाळी टपालवाला आपल्या खेचरावरून ते खाली नेणार होता. शाळा इथे हिवाळ्याचे सहाच महिने, तेव्हा वेळ नव्हता म्हणायची सोय नव्हती. 'लोकसंख्या दोनशे अकरा' इथवर मास्तर आले होते. पण शाळेच्या खिडकीबाहेरचा हातोडा त्यांना पुढे जाऊ देईना. 'गाव डोंगराला चिकटलेलं आहे.' ठक्. 'वर गुरांची कुरणं, मध्ये राय धान्याची शेतं, खाली द्राक्षं.' ठक्. 'द्राक्षं'च्या जागी 'ठक्षं' लिहिलं गेलं तेव्हा मास्तर मफलर चाचपत उठले. जूनचं ऊन होतं, पण मफलर बारमाही होता.

हा ठोका कशासाठी, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं असं नाही. हिमनदीचं पाणी उभ्या कड्याला चिकटलेल्या लाकडी पाटाने गावात येतं. ते एक चाक फिरवतं, चाक हातोडा उचलतं, हातोडा फळीवर आपटतो. ठोका पडतोय तोवर पाणी येतंय. थांबला की पाट फुटला. इथली तान्ही पोरं ठोक्यावर झोपतात आणि तो थांबला की रडत उठतात. पण आज अर्धं गाव गुरांबरोबर वर आणि उरलेलं द्राक्षमळ्यात खाली गेलं होतं. पाट राखणारी लेओकादीमावशीसुद्धा. सकाळी टोपल्या घेऊन उतरणाऱ्या बायकांत तिची काळी टोपी मास्तरांनी स्वतः पाहिली होती.

पाऊण तासात टिपण इतिहासापर्यंत पोचलं. 'साडेचारशे वर्षांपूर्वी गावच्या पुरुषांनी दोरांना लोंबकळत कड्यात भोकं पाडली, त्यांत तुळया ठोकल्या व त्यांवर पाट बसवला.' वाक्य मास्तरांना आवडलं. ते दुसऱ्यांदा वाचत असतानाच दारावर काठी आपटली.

दारात सिप्रियेन आजोबा उभे होते. दुखऱ्या गुडघ्यांमुळे त्यांना गाव राखायला मागे ठेवलेलं.

"मास्तर, मेलात की काय? ठोका बंद पडलाय!"

"बंद नाही हो आजोबा, मी जरा..."

"लेओकादी वरती आहे!"

"ती खाली गेली. मी तिची टोपी पाहिली."

"टोपी गेली. टोपीखाली तिची भाची होती. ही पहाटेच पाटाच्या तोंडाशी दगड काढायला गेलीय. आता ठोका थांबल्याचं ऐकून भोक शोधत पाटावरच्या चालायच्या फळीवरून पळत येत असेल. पळत, मास्तर! त्या फळीवर शेळीसुद्धा पळत नाही."

मास्तर हातोड्याकडे धावले. पण भिजलेल्या मफलरचं एक टोक चाकाच्या आसात शिरून बसलं होतं. ओढावं तसं ते जास्तच आवळत गेलं. चाक गच्च. पाणी त्याच्या कडेने निवांत वाहत होतं.

"प्रॉस्पेरचं ठाऊक आहे ना?" मागून लंगडत आलेले आजोबा म्हणाले. प्रॉस्पेर म्हणजे लेओकादीचा नवरा, एकोणीस वर्षांपूर्वी पाटावरून पडलेला. त्या दिवशी गावच्या भट्टीत वर्षभराची भाकरी भाजली जात होती. ठोका थांबला तशी लेओकादी पिठाच्या हातांनीच पळाली. आधी तिने पाटाचं भोक बुजवलं आणि मग नवऱ्याला बघायला खाली उतरली, असं सगळं गाव सांगतं. कुणी कौतुकाने, कुणी कुजबुजत. ही हकीकत कर्तव्यदक्षतेचं उदाहरण म्हणून मास्तर टिपणात घालणार होते.

"तुम्ही जाता का आजोबा?"

"ह्या गुडघ्यांनी? मी गेलो तर उद्या तुमच्या टिपणात दोनशे दहा लिहावं लागेल."

मास्तर निघाले. अकरा वर्षांत त्यांनी त्या फळीवर पाय ठेवला नव्हता, आणि हे गावात कुणाला कळू दिलं नव्हतं. पाटावर आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर एकच लांब फळी. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. इतिहास हा विषय इतका अरुंद असेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. एक वीत आणि वर चार बोटं.

वीस पावलं ते चालले. मग वाकले. मग रांगू लागले. "मावशी! पाट धड आहे!" असं ओरडले, तर कड्याने ते शब्द त्यांच्याच तोंडावर फेकले. फळीच्या कडेवरून त्यांना रायचं एक शेत दिसलं, टपालाच्या तिकिटाएवढं. त्यांनी डोळे मिटले, आणि हातपाय आपले राहिले नाहीत.

मग फळी थरथरली. कुणीतरी पलीकडून येत होतं. पावलं भरभर पडत होती. ती घसरली तर? कड्याच्या वाकणाआड फळी करकरली आणि पावलं एकदम थांबली. मास्तर वाट बघत राहिले. आवाज नाही. किंकाळीची वाट बघताना माणसाचे कान केवढे होतात!

"मास्तर?"

त्यांनी डोळे उघडले. झगा कमरेला खोचलेला, कोयता पाठीला, भोकात भरायला मुठीत ओलं शेवाळ. लेओकादीमावशी धापा टाकत होती.

"कुठं फुटलाय? लवकर सांगा. कोण पडलं?"

"कुणी नाही. फुटला नाही, मावशी."

"मग ठोका?"

"मी... मफलर बांधला. टिपण लिहायचं होतं."

तिची मूठ सैल झाली आणि शेवाळ खाली गेलं. पडल्याचा आवाज आलाच नाही. मग ती मटकन फळीवर बसली. साठीच्या त्या बाईला असं खचून बसताना मास्तरांनी पहिल्यांदाच पाहिलं आणि त्यांना जास्तच भीती वाटली.

"मागं सरका," ती शेवटी म्हणाली. "तुमच्या अंगावरून उडी मारून जायचं वय राहिलं नाही माझं."

"मला हलताच येत नाहीये."

"उजवा गुडघा मागं. थोडा. खाली कशाला बघता? माझ्या तोंडाकडं बघा."

"तोंडाकडे बघवत नाही, मावशी."

"मग नुसतं ऐका. डावा." ती बसल्या बसल्या त्यांच्या दिशेने पुढे सरकत होती. "ह्याच वाकणावर प्रॉस्पेर पडला. उजवा. गाव म्हणतं, बाईनं आधी पाट बघितला. डावा, डावा म्हटलं मी! शाळेत हेच शिकवता का? तो खाली पडलेला मला वरून दिसत होता. हात हलत होता त्याचा. आणि फुटक्या पाटातलं सगळं पाणी त्याच्या अंगावर कोसळत होतं. बर्फाचं पाणी. ते आधी थांबवलं. उजवा."

मास्तरांनी पुढचे गुडघे मोजले नाहीत. पायाला गवत लागलं तेव्हा ते तसेच आडवे झाले.

मावशी त्यांना ओलांडून हातोड्याकडे गेली. कोयत्याच्या दोन घावांत मफलरचे तीन तुकडे झाले. चाक कुरकुरलं, फिरलं. ठक्. आजोबांनी टोपी काढली. ठक्.

मावशीने ओला तुकडा पिळून मास्तरांच्या हातात दिला.

"मावशी, एकोणीस वर्षं रोज त्या फळीवरून जाता... तुम्हाला भीती नाही वाटत?"

"फळीची नाही, मास्तर, तुमची वाटते."