लोखंडी अशनीला आलेला घाम

माझ्या संग्रहात तेव्हा आकाशातून पडलेल्या अशनींचे चार तुकडे होते. तीन दगडी, माझे स्वतःचे. चौथी तळहाताएवढी लोखंडी चकती, पुण्यात मला शिकवणाऱ्या सरांची. एम.एस्सी. करून मी चेन्नईत पेरुंगुडीला नोकरी धरली, तेव्हा त्यांनी ती अभ्यासासाठी दिली होती. जानेवारीत सर व्याख्यानासाठी चेन्नईला येणार होते आणि परदेशातल्या पीएच.डी.साठी मी अर्ज करणार हे त्यांना ठाऊक होते; त्यासाठी मला त्यांचे शिफारसपत्र हवे होते. ते मागण्याआधी चकती त्यांच्या हाती निष्कलंक पडावी, एवढीच माझी योजना होती.

समुद्राची हवा लोखंडाला सोडत नाही, हे मला ठाऊक होते. म्हणून चकती घासूनपुसून, धुऊन, कोरडी करून हवाबंद डब्यात ठेवली. सोबत सिलिका जेल आणि आर्द्रतामापक. डिसेंबरात तिच्यावर तपकिरी थेंब दिसले. पुसले, तर दोन दिवसांत परत. मी जेल बदलली, झाकणाची फट मेणाने बुजवली, आर्द्रतेचा आलेख काढला. आलेख निर्दोष होता. थेंब वाढत होते.

चेन्नईतल्याच तिरुवल्लिकेणीत मी जिच्या माडीवर राहत असे, त्या घरमालकीणबाई तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. सगळे त्यांना मामी म्हणत. कॉफी घेऊन वर आल्या आणि चकती पाहून म्हणाल्या, "याला घाम येतोय की ग."

मी त्यांना गंजाचे रसायनशास्त्र सविस्तर सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि चकती कोणत्या पाण्यात धुतली, एवढेच विचारले. नळाच्या, मी म्हणाले.

"म्हणजे बोअरच्या. माझा दोशाचा तवा मी त्यात बुडवत नाही, आणि तू आकाशातलं लोखंड बुडवलंस."

त्या खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नसे, माझ्या केसांचा काथ्या झाला होता. तरीही पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या सवयीने मी चकती बिनदिक्कत नळाखाली धरली होती. मीठ मीच आत भरले होते आणि वर झाकण घट्ट लावले होते.

मग ते मीठ उतरवायला गाड्यांच्या बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी आणले. चकती त्यात बुडवून ठेवायची, रोज पाणी बदलायचे, त्याचा रंग वहीत नोंदवायचा. बाराव्या दिवशी पाणी स्वच्छ राहिले. स्पिरिटने पुसून दिव्याखाली वाळवली. वरून काय लावायचे, यावर मामींचा आग्रह तिळाच्या तेलाचा. ते खवट होईल, हा माझा आक्षेप. शेवटी त्यांच्या शिवणयंत्राच्या तेलावर तह झाला.

सर माडीवर आले. त्यांनी भिंग लावले आणि कडेच्या एका तपकिरी खड्ड्यावर थांबले. "हे काय?"

चेन्नईच्या हवेवर ढकलता आले असते. वाक्यही तयार होते. मामी दारात उभ्या होत्या. मी नळापासून सगळे सांगितले. सरांनी वही मागितली आणि बारा दिवसांच्या नोंदी चकतीपेक्षा अधिक वेळ वाचल्या.

"पत्र कोणत्या तारखेपर्यंत हवं आहे?" असे विचारत त्यांनी चकती परत माझ्याच हातात ठेवली. मी अजून काही मागितलेच नव्हते.