आउटबॉक्समधलं पत्र

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. कुणी अनुभव सांगायला लागलं की मी मनात कारणं शोधते, आणि बहुतेक वेळा सापडतातही. म्हणून हे लिहायला सहा महिने लागले...

आम्ही चामराजपेटचे. घरात मराठी, पण जुनी माणसं ती कन्नड लिपीत लिहितात. अप्पा, माझे वडील, वाण्याची यादीसुद्धा तशीच लिहायचे. मी देवनागरी शिकले ती शाळेतल्या हिंदीमुळे.

मागच्या वर्षी अप्पा हॉस्पिटलमध्ये होते. खोलीत आम्ही दोघंच असताना म्हणाले, "अक्काला कळवू नको. तिनं मला असं बघायचं नाही." अक्का, माझी मोठी बहीण, याच शहरात पण लांब, एचएसआरला राहते. मी त्यांचं ऐकलं. अम्माला वाटलं, मी अक्काला कळवलंय. चौथ्या दिवशी अप्पा गेले.

"तुला एक फोन करता आला नाही?" एवढंच अक्का म्हणाली. मग बोलणंच बंद. अप्पांनीच नको म्हटलं होतं, हे मी सांगितलं नाही, अम्मालाही नाही. गेलेल्या माणसावर काय ढकलायचं...

पुढे एकदा अक्काला इंग्लिशमध्ये लांब मेल लिहिला. चूक माझी, सॉरी, वगैरे. सेंड दाबलं आणि घाबरून लगेच नेट बंद केलं. मग त्या अकाउंटचा सिंकच बंद करून टाकला. मेल आउटबॉक्समध्ये पडून राहिला. डिलीटही करवेना.

एका शुक्रवारी फोनचं मोठं अपडेट आलं. त्यानं सगळ्या अकाउंट्सचा सिंक परत चालू केला – हे मला नंतर कळलं. शनिवारी सकाळी दारात अक्का!

"अय्यो, आत तरी घेशील की नाही?"

आत येऊन तिनं फोन पुढे धरला. माझाच मेल. पण माझ्या नावाखाली आणखी एक ओळ होती. लिपी कन्नड, भाषा मराठी.

'पुट्टीवर रागावू नको. कळवू नको म्हणून मीच सांगितलं होतं.'

मला पुट्टी, म्हणजे छोटी, फक्त अप्पा म्हणायचे.

"हे काय नाटक, गं? त्यांच्यासारखं लिहायचं?" अक्काचा आवाज चढला.

"मी नाही लिहिलं."

माझ्या फोनवर कन्नड कीबोर्ड नाही. तिनं स्वतः तपासलं. माझ्या सेंट फोल्डरमध्ये तोच मेल होता, पण माझ्या नावाशीच संपलेला; खाली ती ओळ नव्हती. तिनं दोन्ही फोन शेजारी ठेवले आणि ओळ न् ओळ ताडून पाहिली.

"अप्पा खरंच नको म्हणाले होते?"

"हो." पहिल्यांदाच मी हे मोठ्यानं बोलले.

"आणि तू वर्षभर माझा राग सोसलास? येडी!" ती रडली, मग माझ्या डोक्यावर टपली मारली. अम्मा स्वयंपाकघरातून धावत आली, तेव्हा आम्ही दोघी जमिनीवर बसलो होतो.

ऑफिसमधल्या मित्राला अर्धंच सांगितलं. तो म्हणाला, अपडेटनंतर अडकलेले मेल जातात, कॉमन आहे. मान्य. मेल का गेला, हे मला समजतं.

ती ओळ अक्काच्या फोनवर अजून आहे. त्या खोलीत काय बोलणं झालं, ते मला आणि अप्पांनाच माहीत होतं. याच्या पुढे माझ्याकडे काही नाही.