गल्ल्यावर बसलेली आई

आमच्या घराच्या तळमजल्यावर बार आहे. हॉटेल म्हणा, फॅमिली रेस्टॉरंट म्हणा, असं खूप जणांनी सुचवून झालंय. पण तिथे माणसं दारू प्यायला येतात, म्हणून आम्ही बारच म्हणतो.

सारसोळे गावातली आमची भातखाचरं नवं शहर वसवायला सरकारने घेतली, तेव्हा आजोबांनी घराची पुढची खोली मोकळी करून हा धंदा सुरू केला. सुरुवातीला खाडीतून मासे धरून परतलेले गाववाले यायचे. मग समोरच्या इमारती बांधणारे मिस्त्री यायला लागले आणि पुढे त्याच इमारतींत राहायला आलेले कारकून. आजोबांनंतर बाबांनी बार चालवला. ते स्वतः कधी प्यायले नाहीत. आई मागच्या स्वयंपाकघरात जवळा परतायची, बोंबील तळायची. गिऱ्हाईक तिच्या हाताच्या चवीसाठी यायचं, पण तिचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं.

एका दुपारी सोड्याचे क्रेट उतरवताना बाबा खाली बसले, ते उठलेच नाहीत. मी तेव्हा कॉलेजात होते, भावंड कुणी नाही. बाराव्याचं जेवण उरकलं आणि काका आईसमोर येऊन बसले.

"वैनी, यो बाईमानसाचा काम नाय. बार मना दे चालवाला."

आईने पदर खोचला. "मी बसनार हाय गल्ल्यावर."

"गाव काय बोलंल?"

"गावच येतं ना आपल्याकरं प्यायला? येवदे."

काका त्या दिवशी चहाही न घेता गेले. पुढे वर्षभर त्यांनी आमचा उंबरा चढला नाही.

लायसन्स आईच्या नावावर व्हायला बरेच महिने लागले. हेलपाटे मारून आम्ही दोघी दमलो. शेवटी शटर उघडलं, तेव्हा आई नेहमीचीच सुती साडी नेसून गल्ल्यावर बसली. आत आलेली माणसं तिला बघून दारातच थबकायची. काही तर परत गेली. जी बसली ती मान खाली घालून प्यायली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोपऱ्यातल्या टेबलावरच्या एकाने मोठ्याने म्हटलं, "आज मालकीणबाईंच्या हातून एक पेग होऊन जाऊ दे." त्याचे दोस्त हसले. हा नेहमीचा माणूस, बाबांच्या मयतीलाही आलेला. आई गल्ल्यावरून उठली, त्याच्या टेबलाशी गेली, भरलेला ग्लास उचलून बेसिनमध्ये ओतला आणि म्हणाली, "उठा. तुमच्यासाठी हा बार बंद."

तो बावरला. "मस्करी केली, वहिनी."

"मी नाही केली."

तो गेला. त्याचे दोस्त मात्र बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांतल्याच एकाने हळू आवाजात बोंबील मागवले. त्यानंतर आईला काही बोलायची कुणाची हिंमत झाली नाही.

कॉलेज संपल्यावर मीही गल्ल्यावर बसायला लागले. मला स्थळं यायला लागली तेव्हा ऐरोलीचं एक घर आलं. मुलगा आयटीत, माणसं सुशिक्षित, बोलायला गोड. चहा झाल्यावर मुलाची आई म्हणाली, "आमच्या नातेवाइकांना आपण हॉटेल आहे एवढंच सांगू. आणि लग्नानंतर हिने तिकडे बसू नये, बस."

मी आईकडे पाहिलं. ती रिकाम्या कपबशा उचलत होती. निर्णय तिने माझ्यावर सोडला होता.

"आमचा बार आहे," मी म्हटलं, "आणि मी तिथे बसणार आहे."

त्यांनी निरोपही पाठवला नाही. मला वाईट वाटलं, खोटं का सांगू. मुलगा मला आवडला होता. दोन दिवस मी बारमध्ये उतरले नाही, तिसऱ्या दिवशी खाली जाऊन गल्ला उघडला.

लग्न पुढे कामोठ्यातल्या एका घरात ठरलं. सासूबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "जवळा कोण करतं तुमच्याकडे?" त्यावरून मी ओळखलं, या घराला आमच्या बारची लाज नाही.

लग्नानंतरही गल्ल्यावर मी बसते, आई पुन्हा स्वयंपाकघर बघते. आता समोरच्या सोसायटीतल्या काही लोकांना आमची पाटी खुपते. ती लहान करा, रंग बदला, असं सांगायला दोघंतिघं आले होते. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की आम्ही इथे तुमच्या आधीपासून आहोत, लायसन्स भिंतीवर लावलंय, वेळेवर शटर पाडतो. पाटी आहे तेवढीच राहील.

आई मागे मासे साफ करत होती. तिने मान वर करूनही पाहिलं नाही.