झाकलेली बाटली

त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मी तुम्हा दोघा नातवंडांना निळी झालेली कागदी पट्टी दाखवली आणि तुम्ही तिकडे परदेशात सकाळचा नाश्ता सोडून टाळ्या वाजवल्या. ती पट्टी खोटी होती. आजोबा ही गोष्ट सांगतील तेव्हा तिचा विनोद करतील, म्हणून मीच आधी लिहिते.

प्रयोग माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा. ती फुलंब्रीहून रोज इथल्या विद्यापीठात संशोधनाला येते. तिनं बनवलेली पिवळसर पूड पाण्यात घालून उन्हात ठेवायची आणि नळीनं हवा सोडत राहायचं. उन्हाच्या जोरावर पाणी आणि हवेतला ऑक्सिजन मिळून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं; जखमेवर घातलं की फेसाळतं, तेच. प्रयोगशाळेत दिव्याखाली हे तिला जमलं होतं. साध्या गच्चीवर, नळाच्या पाण्यात जमतं का, ते पाहायला तिनं माझी गच्ची निवडली. मोजमापाची शिस्त शाळेत तिला मीच लावली होती.

बाटल्या दोन. एक उन्हात उघडी, दुसरी फॉइलमध्ये गुंडाळलेली. रोज दोन्हींत कागदी पट्टी बुडवायची; पेरॉक्साइड असलं तर ती निळी होते, नसलं तर पांढरीच राहते. अंधारातल्या बाटलीत काहीच व्हायला नको, तरच उन्हातल्या बाटलीतलं श्रेय उन्हाचं.

बरेच दिवस दोन्ही पट्ट्या पांढऱ्याच राहिल्या. जेवताना मी बोलेनाशी झाले. मग एकदाची उन्हातली पट्टी निळी झाली आणि मी लगेच तुम्हाला फोन लावला. फॉइल सोडलं ते नंतर. झाकलेली बाटलीही तितकीच निळी.

ऊन शिरलं असेल म्हणून दुहेरी फॉइल लावलं. पुन्हा निळी. मग खोट पुडीतच असणार, असं ठरवून मी त्या मुलीला फोनवर नको ते बोलले. पूड नीट धुतली नाहीस, आधीचे निकालही तपासून घे, म्हणाले. ती फक्त "हो मॅडम" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी आली. कित्येक महिने खपून केलेली पूड टाकून द्यायची तिनं तयारी केली होती. तिनं डबा हातात घेतला तेव्हा आजोबा जिन्यात उभे होते.

"पोरी, टाकू नको. बाटल्यांत मीच ओतलं ते फेसाचं औषध, मेडिकलमधून आणून. हिचं तोंड बघवत नव्हतं."

मी विचारलं, "झाकलेल्या बाटलीतही?"

"मग? एकीला वाढायचं आन् दुसरीला नाय, असा पंक्तिप्रपंच करायचा का?"

पंगतीत माणूस बघून वाढणं म्हणजे पंक्तिप्रपंच. आजोबांनी तो जन्मात कधी केला नाही. मुलीला हसू फुटलं, सुटकेचं. मला आलं नाही. वर्गात मी कुणाचा एक गुणही वाढवला नाही, हे ज्यांना सर्वांत जास्त ठाऊक, त्यांनीच मला ओतून पास केलं होतं. पांढरी पट्टी हिला झेपणार नाही, असं इतक्या संसारानंतर त्यांना वाटलं. आणि त्या मायेपायी मी एका सरळ मुलीला खोटं ठरवून बसले.

त्यांच्यादेखत मी तिची माफी मागितली. "राहू द्या, मॅडम," म्हणाली. दोन्ही बाटल्या धुऊन तिनं पिशवीत घातल्या. पुढची चाचणी विद्यापीठाच्या गच्चीवर करते, म्हणाली. तिच्या जागी मीही हेच केलं असतं. तरी ती फाटकाबाहेर पडेपर्यंत मी कठड्याशी उभी होते.

परवा तिचा निरोप आला. उन्हातली पट्टी अगदी फिकट निळी, झाकलेली पांढरी. आजोबा रोज विचारतात, तिकडे काय झालं म्हणून. मी तुम्हाला कळवते आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.