शुक्रवारचं आंबट पाणी

गोरखचिंचेची पूड पाण्यात टाकली की लगेच विरघळत नाही. आधी वर तरंगते, मग ढगासारखी हळूहळू खाली उतरायला लागते. पहाटे प्रताप नगरातल्या आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभा राहून मी ते बघत राहायचो. मी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात नोकरीला, दिवसभर राख बघणारा माणूस. पण या पुडीचा रंग राखेचा नव्हता. सायीत चिमूटभर माती मिसळावी तसा होता. बघता बघता डोळे जड व्हायचे आणि लहानपणीचं गावाकडचं गोरखचिंचेचं झाड दिसायला लागायचं. हत्तीच्या पायासारखं खोड, लांब देठांना लोंबणारी मखमली सालीची फळं. फळ दगडावर आपटून फोडलं की आतून पांढरे, कोरडे, खडूसारखे तुकडे निघत. ते गालात धरून आम्ही तासन्‌तास चघळायचो.

पूड मुलीनं पुण्याहून आणली होती. बायकोचं रक्त कमी झालं होतं आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या.

"बाबा, यात सी व्हिटॅमिन असते. गोळीसोबत देशील तं लोह अंगाले लागते," मुलगी म्हणाली. "गोळीनं आईचं पोट धरते ना, त्यालेही बरं. फक्त उकळू नको. दह्यात टाक, ताकात टाक, वरण उतरवल्यावर चिंचेऐवजी टाक."

यात पोटॅशियमही असतं, किडनीचं दुखणं असलेल्यानं विचारूनच घ्यावं, हेही तिनंच सांगितलं. आम्ही डॉक्टरांना विचारलं. ते चालेल म्हणाले.

मी गुळाच्या पाण्यात चमचाभर टाकायला लागलो. बायकोला पाणी आवडलं. काय टाकलं म्हणून तिनं विचारलं, तर मी म्हणालो, "तुझ्या लेकीनं आणलेली ताकदीची पूड." मला यापेक्षा जास्त बोलता येत नाही. घरात सगळ्यांना त्याची सवय आहे.

त्याच सुमारास मुलीचं लग्न ठरलं आणि ते नीट पार पडावं म्हणून बायकोनं सोळा शुक्रवार धरले. त्या व्रतात आंबट खायचं नाही, कुणाला द्यायचंही नाही. आमच्याकडचं दही, लिंबं, टमाटे गुरुवारीच शेजारणीच्या फ्रिजमध्ये जायचे.

"तुझ्या देवीपायी माह्या भाजीले जागा नाही उरली वं," शेजारीण म्हणायची.

"मंग तूही धर. दोघींचा फ्रिज रिकामा," बायको म्हणायची.

एका शुक्रवारी पाणी ढवळून झाल्यावर मी चमच्याला चिकटलेली पूड चाटली. कानापर्यंत आंबट गेलं; पाण्यात गूळ ते झाकत होता. आत देवाजवळ घंटी वाजत होती. मी पेला हातात धरून उभा राहिलो, आणि मग नेऊन दिला.

औषध आहे, औषधाला काय आंबट नि काय गोड, असं मी पुढे स्वतःला समजावलं. तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता, जिना चढताना मध्ये बसायची ते थांबलं होतं, हेही खरं. पण ही सगळी जुळवाजुळव नंतरची. त्या क्षणी मला फक्त बोलायचा कंटाळा आला होता. पुढचे शुक्रवारही मी पाणी देत राहिलो, आणि आता जाणूनबुजून.

मग लग्न मोडलं. मुलीचाच फोन आला. "आमचं नाही जुळून राहिलं, बाबा. आताच थांबलो ते बरं झालं." आवाज शांत होता. गांधीबागेच्या बाजारातून आणलेला शालू बायकोनं दुपट्यात गुंडाळून कपाटात वर ठेवला. मुलीला एका शब्दानं बोलली नाही. मात्र घरात कुठे आंबट राहून गेलं होतं, ते शोधायला लागली. चण्यांत आमचूर होतं का? शेजारीण लिंबाच्या हातानं प्रसाद घेऊन गेली का? तिनं स्वयंपाकघरातला एकेक डबा घासला. ते डबे उचलून गच्चीवर उन्हात ठेवायला मी मदत केली. देवी रागावते की नाही, मला माहीत नाही. पण रिकामा डबा नाकाशी धरून हुंगणारी बायको मी रोज बघत होतो.

एका दुपारी ती गुळाचा डबा हुंगत बसली होती. मी म्हणालो, "ठेव तो. आंबट तुझ्या पाण्यात होतं. ती पूड गोरखचिंचेची आहे."

"शुक्रवारीही टाकत होते?"

"हो."

"तुम्हाले माहीत होतं?"

"आधी ध्यानात आलं नव्हतं. मग समजलं. तरी दिलं."

तिनं डब्याला झाकण लावलं. 

"अन् मी डबे घासून राहिली होती, तं तुम्ही ते उन्हात मांडून राहिले होते."

"हो. पण लग्न काही त्या पाण्यानं मोडलं नाही."

"ते मलेही समजते. पोरगी माह्याशी बोलली. पण मी रोज हात जोडून माफी मागत होती, अन् तुम्ही बाजूले बसून होते. काहून बोलले नाही?"

मी उठलो आणि गच्चीवरचे डबे खाली आणायला गेलो.

काही दिवस तिनं आपलं पाणी आपणच केलं. पूड सोडली नाही. दह्यात कालवून घेते, पाकीट गुरुवारी शेजारी जातं. मग एका सकाळी माझा डबा भरताना म्हणाली, "आता शुक्रवार तुम्ही धरा."

"काय मागू?"

"काही मागू नका. आंबट खायचं नाही, अन् संध्याकाळी माह्यासमोर बसून मनातलं बोलायचं."

पहिल्या शुक्रवारी गूळ-चणे घेऊन आम्ही समोरासमोर बसलो.  राखेच्या ट्रकमागे बस कशी अडकली, ते सांगितलं. ड्रायव्हर काय म्हणाला, तेही सांगितलं. ती सगळं ऐकून घेत होती.

"बसचं झालं," ती म्हणाली. "आता तुमचं सांगा."