बगलेतली बाटली

अकोल्याच्या बाजारात मी शून्यातून उभा राहिलो, तो कोणावरही विश्वास न ठेवता. लबाड पाहिले, गोडबोले पाहिले, भाव पाडायला डोळ्यांत पाणी आणणारेही पाहिले. पण माझ्या अमरावतीच्या साडूइतका संशय घेण्यासारखा माणूस मला आजवर भेटलेला नाही, कारण त्याला कोणाकडून काहीच नको असतं. ज्याला काही हवं असतं त्याच्याशी भाव करता येतो. ज्याला काहीच नको, त्याच्याशी बोलणी सुरू कुठून करायची?

हा साडू कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. लोक खिशाला पेन लावतात, हा थर्मामीटर लावतो. चहा आला की पहिला घोट थर्मामीटरचा, मग याचा. आमच्या मेहुण्याच्या लग्नात त्याने ते कढीच्या गंजात बुडवलं आणि आचाऱ्याला शांतपणे सांगितलं, "हे फुटणार." कढी फुटली. याचीच नजर लागली असं आचाऱ्याचं ठाम मत झालं, आणि त्या दिवशी माझंही. शिवाय थंडीच्या दिवसांत याच्या बगलेत एक चपटी बाटली कायमची. आजारी लेकराला छातीशी धरावं तशी तो तिला ऊब देत असतो. एसटीत एका कंडक्टरला तिच्याविषयी भलताच संशय आला आणि तो याला खाली उतरवायला निघाला. याने झाकण काढून बाटली त्याच्याच नाकाला लावली. पुढे बडनेऱ्यापर्यंत कंडक्टर त्या बाजूला फिरकला नाही.

त्या बाटलीत असतं पाणी आणि पाण्यात तेलाचे बारीक थेंब. एकेका थेंबात दोन तऱ्हेची तेलं. ऊब असली की दोन्ही एकमेकांत विरघळून एक होतात. गारठा पडला की त्याच थेंबात वेगळी होतात, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. थेंब मात्र बाहेरून होता तसाच गोल. परत ऊब द्या, परत एक. हे सांगताना त्याचा चेहरा इतका उजळायचा की मी एकदा विचारलंच, याला गिऱ्हाईक कोण? कोणीच नाही, म्हणाला. हा काहीतरी दडवतोय, हे मी तेव्हाच ओळखलं.

मी आणि देवराव मिळून फवारणीचं निंबोळी औषध बनवतो. निंबोळीचं तेल, आणखी एक तेल (कोणतं, ते मी इथे लिहिणार नाही), साबण आणि पाणी. देवराव माझा भागीदार. आम्ही दोघांनी एकाच हातगाडीवरून धंदा सुरू केला, आणि मला 'काय बे' म्हणायची मुभा जगात त्याला एकट्याला. एका हिवाळ्यात मी आमची एक बाटली साडूला तपासायला दिली. हा आपला नुसखा चोरणार, हे मनात होतंच. पण तपासणी फुकट होती.

त्याच सुमारास देवराव मला न सांगता अंजनगाव सुर्जीला जाऊन आला. तिथे आमच्यासारखाच माल बनवणारा एक मोठा व्यापारी आहे. कोण कुठे जातं हे मला कळतंच. मी गप्प राहून त्याच्या बोलण्याची वाट पाहत होतो, तर एका गारठलेल्या सकाळी साडूचा फोन आला.

"साडूभाऊ, तुमचं फुटलं. वरतून एक दिसते, पन आतून दोन झाले."

आणि फोन बंद. बाटली बगलेतून निसटत होती म्हणे. आता बाजारात 'फुटला' म्हणजे काय, हे कोणालाही विचारा. आपला माणूस पलीकडच्याला मिळाला की फुटला. मी तसाच गोदामात गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर देवरावला बोलायचं ते सगळं बोललो. त्याने ऐकून घेतलं आणि गोदामाची किल्ली टेबलावर ठेवली.

"पोरीसाठी स्थळ पाहाले गेलतो," तो म्हणाला. "जमलं का पयले तुलेच सांगणार होतो."

आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी साडू अकोल्यात हजर, बगलेत त्याची बाटली, पिशवीत आमची बाटली आणि कॉलेजातला छोटा सूक्ष्मदर्शक. घडलेलं ऐकून दुसरा कोणी वरमला असता. याने थंडी किती होती ते विचारलं आणि मला ओढत देवरावच्या घरी नेलं. तिथे वहिनींकडून वाटीभर गरम पाणी मागून घेतलं. आधी काचपट्टीवर आमचा गार थेंब दाखवला: मधोमध रेघ, दोन बाजूंना दोन तेलं. मग ती काच वाटीवर धरली आणि परत दाखवली. रेघ गेली होती.

"फुटलं ते तेल हो," साडू म्हणाला. "माणूस काहून फुटन?"

देवराव बराच वेळ त्या नळीला डोळा लावून होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या येतो. किल्ली तुमीच ठेवा."

तुमी!

तो आला. साडूने साबणाचं प्रमाण बदलून दिलं, माल थंडीत टिकू लागला, पोरीचं लग्नही झालं. पण देवरावचं 'तुमी' काही जाईना. चहा विचारायचा तोही 'घेता का' म्हणून. मी आजही सगळ्यांना सांगतो, दोष साडूच्या बोलण्याचा. एवढा शिकलेला माणूस, 'फुटलं'च्या आधी 'तेल' एवढं म्हणायला काय हरकत होती? साडूला मी हे दर दिवाळीला ऐकवतो. तो मान डोलावतो आणि फराळाच्या चिवड्यात थर्मामीटर खुपसतो.

आमची ती जुनी बाटली गोदामाच्या खिडकीत राहिली, शेजारी साडूचंच एक जुनं थर्मामीटर. यंदाच्या हिवाळ्यात एका सकाळी देवराव ती उचलून उजेडात धरत म्हणाला, "फुटलं बे."

त्याच्या ते लक्षातही आलं नाही. मी मागच्या खोलीत जाऊन साडूला फोन लावला आणि देवराव काय म्हणाला ते सांगितलं. मग त्याने विचारलं, "तवा थर्मामीटर कितीवर होतं?"

मी पाहायला बाहेर आलो. देवराव खिडकीतल्या उन्हात उभा होता, बाटली बगलेत धरून. इतक्या वर्षांत साडूला माझ्याकडून पहिल्यांदाच काहीतरी हवं होतं. भाव करायची हीच वेळ होती. मी थर्मामीटरचा आकडा तसाच सांगून टाकला.