बिन महमूदच्या गच्चीवरचा हलवा

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकते. पुढे सगळं चांगलं झालं की माणसं चूक विसरतात, आणि ती विसरली जाऊ नये असं मला वाटतं.

दोह्यातल्या बिन महमूद भागात, चौथ्या मजल्यावर, मी एका मराठी कुटुंबात राहते. ताई आयटीत आहेत, दादा बांधकामाच्या कंपनीत. मोठी मुलगी पाच वर्षांची, धाकटा तेव्हा दहा महिन्यांचा होता. दोघांना सांभाळायचं, त्यांच्यापुरतं रांधायचं, मोठीला स्कूलबसला सोडायचं आणि आणायचं हे माझं काम. मुलं मला मावशी म्हणतात. मोठी बोलते ती इंग्रजीतून. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत सांगते, आणि दोघींचं व्यवस्थित चालतं.

मी साताऱ्याकडची. शाळा आठवीत सुटली. आमच्या घरी संक्रांतीचा हलवा आणि हलव्याचे दागिने करतात, आईची त्यात ख्याती आहे. मार्गशीर्ष लागला की शेगड्या पेटायच्या त्या थेट रथसप्तमीपर्यंत, आणि तेवढे दिवस माझी शाळा बुडायची. एका वर्षी इतकी बुडाली की परत जायची लाज वाटली. ताईंच्या माहेरच्या ओळखीतून हे काम आलं तेव्हा मी पुण्याच्या पुढे कधी गेले नव्हते. विमानात पट्टा कसा लावतात ते विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून दोन्ही टोकं हातात घट्ट धरून बसले होते. शेजारच्या बाईंनी तो लावून दिला. त्यांचं मी आजही चांगलं चिंतते.

मला सगळ्याची धास्ती वाटते. म्हणून धाकट्याच्या पहिल्या दिवसापासून मी एक वही ठेवली आहे. तो कधी उठला, किती प्यायला, काय थुंकला, कशाला हसला. ताई आधी म्हणाल्या होत्या, "अगं, हा काय प्रोजेक्ट रिपोर्ट आहे?" पण रोज संध्याकाळी ऑफिसची बॅग खाली ठेवण्याआधी त्या वहीच उघडतात.

तर त्या जानेवारीत दादांची आई, म्हणजे मुलांच्या आजी, पुण्याहून आल्या. धाकट्याचं बोरन्हाण करायचं होतं. पहिल्या संक्रांतीला काळं झबलं घालून, हलव्याचे दागिने चढवून पोराला पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, बत्तासे ओतायचे, त्याची आजींना फार हौस. दागिने त्यांनी पुण्यात सांगून करून घेतले होते. मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा, शिवाय बासरी. विमानात डबा मांडीवर घेऊन आल्या होत्या.

माझ्या व्हिसाची दोन वर्षं फेब्रुवारीत संपणार होती. पुढे वाढवायचा की नाही ते ठरलेलं नव्हतं. आजी आल्या त्या दुसऱ्याच दिवशी मी भांडी लावत होते आणि बाहेर त्या ताईंना म्हणत होत्या, "नर्सरीत घाल की त्याला. शिकलेल्या बायका असतात तिथे. ही आठवी शिकलेली पोर, काय शिकवणार ती?"

ताई म्हणाल्या, "महिनाअखेरी ठरवू."

आजी वाईट नव्हत्या. त्यांचं म्हणणं मला माझंच म्हणणं वाटलं, म्हणून जास्त लागलं. परत जायचं तर जाईन, पण धाकटा पहिलं पाऊल टाकेल तेव्हा मी नसेन, हे मनात आलं आणि हातातली ताटली दोनदा पुसली गेली.

त्याच धास्तीत चूक झाली. दागिन्यांचा डबा सांभाळायला माझ्याकडे दिला होता. इथे उन्हाळ्यात रवा, कणीक, डाळी, सगळं फ्रीजमध्ये ठेवायचं हे मी शिकले होते. नाहीतर पोरकिडे होतात. साखरेला मुंग्या लागतील म्हणून मी डबा फ्रीजमध्ये ठेवला. आमच्या घरी फ्रीज नव्हता. थंडगार वस्तू बाहेर काढली की तिला घाम फुटतो, हे मला पाण्याच्या बाटलीपुरतं माहीत होतं, हलव्याबाबत डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी आजींनी मोठीला दाखवायला डबा बाहेर काढून उघडा ठेवला. समुद्राकडून धुकं आलेलं, खिडक्या ओल्या. अर्ध्या तासात मुकुटाचा चिकट गोळा झाला आणि हाराच्या काळ्या दोऱ्याचा रंग पांढऱ्या दाण्यांवर उतरला.

"हे गार का लागतंय?" आजी हात पुसत म्हणाल्या.

"मी फ्रीजमध्ये ठेवलं होतं."

"हलवा? फ्रीजमध्ये?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "आणि म्हणे हलवेवालीची मुलगी!"

मोठीने एक दाणा तोंडात टाकला. "इट्स स्टिल यमी, मावशी," ती म्हणाली. माझी बाजू घेणारी तेवढी एकटीच.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी पुन्हा करते. सगळे. रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण चालतं ना? अजून नऊ दिवस आहेत."

आजी म्हणाल्या, "बघ बाई." त्या 'बघ बाई'त माझा व्हिसा होता, हे मला कळलं.

आता खरं सांगते. दागिने ओवायला मला येत होतं, पण हलवा मी कधी एकटीने केला नव्हता. परातीवर आई बसायची. माझ्याकडे दोरा, सुई, जरीचा कागद. तीळ परातीत फिरवत त्यांच्यावर थेंबथेंब पाक सोडायचा, बोटांनी हलवत राहायचं, असे चार-पाच दिवस. आच मंद आणि एकसारखी राहिली आणि हवा गार असली तरच दाण्याला काटा येतो, नाहीतर नुसती साखरेची गोळी. पहिल्या दिवशी मी आमच्या विजेच्या शेगडीवर करून बघितलं. ती मध्येच तापते, मध्येच बंद होते. तासाभरात दाणे पिवळे पडून एकमेकांना चिकटले. मी ते कचऱ्यात टाकले आणि वर वर्तमानपत्र पसरलं, आजींना दिसू नये म्हणून. आजींनी वर्तमानपत्र उचललं आणि तसंच परत ठेवलं.

आईला फोन लावला. ती म्हणाली, "इजंवर काटा येत न्हाय गं. निखारा पायजे."

शनिवारी ताईंना विचारून धाकट्याला ढकलगाडीत घातलं, मोठीचा हात धरला आणि मेट्रोने सूक वाकिफच्या जुन्या बाजारात गेले. एकटीने दोन मुलं घेऊन केलेला तो माझा पहिला प्रवास. दोनच स्टेशनं, पण सरकत्या जिन्यासमोर मला घाम फुटला. मोठी लिफ्टचं बटण दाबून उभी, इथल्यासारखं 'चल चल' करत, "यल्ला मावशी, यल्ला!" फॅमिलीच्या डब्यात एका बाईंनी धाकट्याशी अरबीत गप्पा मारल्या आणि त्याने पूर्ण उत्तर दिलं, त्याच्या भाषेत.

इथली माणसं थंडीत वाळवंटात तंबू टाकून राहतात, त्यामुळे सूकमध्ये कोळशाच्या छोट्या शेगड्या आणि चांगला लाकडी कोळसा हिवाळाभर मिळतो. शेगडी घेतली. वळते तर कोपऱ्यावर एक म्हातारा टोपलीत बोरं घेऊन बसलेला. लहान, पिवळी, लाल झाक असलेली, अगदी आपली बोरं. मी बाजारात ओरडलेच, "बोरं!" तो हसून म्हणाला, "कनार, कनार." त्याने एक धाकट्याच्या हातात दिलं. मी ते काढून घेतलं, आत बी असते. मोठीने माझ्या वतीने शुक्रन म्हणून आभार मानले.

फ्लॅटमध्ये कोळसा पेटवणं शक्य नव्हतं, धुराचा अलार्म वाजला असता. आमच्या इमारतीचा वॉचमन केरळचा. त्याने गच्चीवर पाण्याच्या टाकीमागची जागा दाखवली. "दीदी, आग छोटा रखना. बाजू में बालटी, पानी भरके." बादली त्यानेच आणून दिली. टाकीची भिंत वारा अडवत होती आणि जानेवारीची गार हवा वरून येत होती. आईने जागा निवडली असती तर हीच.

पण मी रोज दुपारी दोन-अडीच तास गच्चीवर, तर धाकट्याकडे कोण? आजी म्हणाल्या, "मी आहे की. दोन पोरं वाढवलीत मी." मी वही पुढे केली. त्यांनी ती टीव्हीजवळ ठेवून दिली.

पहिल्या दुपारी फोन तीनदा वाजला. बोटं परातीत, म्हणून कोपराने स्पीकर लावला. मागे धाकटा टाहो फोडत होता.

"याला काय हवंय गं? दूध घेत नाही, खेळत नाही!"

"आजी, डाव्या कानाला हात लावला होता का त्याने?"

"मी काय त्याचे कान बघत बसू?"

"कान धरला की झोप आलेली असते. ती वेळ गेली की तासभर रडतो. वहीत आहे, आजी."

फोन ठेवला गेला. दुसऱ्या दिवशी एकदाच आला. तिसऱ्या दिवशी आलाच नाही, आणि तेव्हा माझा जीव जास्त घाबरला. पण परात सोडली असती तर पाक आळला असता. आईशी व्हिडिओवर बोलत होते, तिच्याकडे तेव्हा साडेचार वाजले होते.

"चटका बसला का हाताला?" आई म्हणाली.

"तीन बोटांना."

"मंग बराबर चाललंय. घाई करू नगं. पाक कमी सोड."

खाली आले तर धाकटा पाळण्यात झोपलेला आणि आजी वही मांडीवर घेऊन बसलेल्या, चष्मा नाकावर. मला वाटलं अक्षरावरून काही बोलणार. माझं अक्षर चौथीतल्या मुलासारखं आहे, काने मागे राहतात.

त्या म्हणाल्या, "हे तू लिहिलंस? 'जेवण गिळल्यासारखं दाखवतो पण भात गालात साठवतो, निजवण्याआधी गालात बोट फिरवून बघावं.'"

"हो. तो सात महिन्यांचा असताना एकदा झोपेत ठसका लागला होता. तेव्हापासून."

"आज होता भात," त्या म्हणाल्या. "एवढा." त्यांनी बोटाचं पेर दाखवलं. मग वही मिटून टीव्हीजवळ न ठेवता पाळण्याच्या कठड्यावर ठेवली.

चौथ्या दिवशी काटा आला. अंधूक, एका बाजूने, पण आला. एक दाणा उन्हात धरला तर त्याच्या अंगावर बारीक टोकं उभी होती. मी टाकीमागे एकटीच हसत बसले. पाचव्या दिवशी परात भरून पांढराशुभ्र हलवा झाला. ओवायला ती रात्र आणि शुक्रवारचा पूर्ण दिवस लागला. आजी सुईत दोरा ओवून द्यायच्या; त्यांना नेढं नीट दिसत नव्हतं, मला ते कळत होतं, तरी सुई मी त्यांच्याकडेच द्यायची. मुकुट जरा वाकडा झाला. बासरी मला जमली नाही, ती मोठीने पुठ्ठ्याची केली आणि वर उरलेले दाणे पाकाने चिकटवले. डबा या वेळी कपाटात, वरच्या कप्प्यात.

शनिवारी बोरन्हाण झालं. ताईंच्या मैत्रिणी पोरं घेऊन आल्या. बोरं मी बिया काढून, चिरून टाकली होती. आजी म्हणाल्या, "चिरलेल्या बोरांचं न्हाण मी पहिल्यांदा बघतेय," पण ओतलं त्यांनीच. धाकटा मुकुट ओढायच्या नादात रडायचं विसरला.

दोह्यातल्याच अल थुमामाहून आलेल्या एका बाईंनी हार बोटाने चाचपून विचारलं, "काकू, काटा काय सुरेख आहे! कुठून मागवलेत?"

"मागवले नाहीत, घरचे आहेत." आजींनी माझ्याकडे मान वळवली. "आणि आधीचे ज्यांनी बिघडवले, तेही घरचेच."

सगळ्या हसल्या. मी मात्र आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. लाजेने नाही. माझ्या हातांनी काहीतरी पूर्ण केलं होतं, आणि ते माझ्या आईच्या हातचं होतं, आणि चार लोकांत ते घरचं म्हटलं गेलं होतं. एवढं एकदम मला उभ्याने पेलेना.

पाहुणे गेल्यावर दादांनी नर्सरीचा विषय काढला. फोनवर फोटो दाखवले, स्वच्छ होती, भिंतीवर हत्ती रंगवलेले. आजींनी नीट बघितले.

"चांगली आहे," त्या म्हणाल्या. "गालात बोट घालून कोण बघतं तिथे?"

दादांनी फोन खाली ठेवला. ताई खाली बघून हसत होत्या.

"दोन वर्षांचा झाला की घाला. तोवर हिचे कागद करून टाका."

"ठीक," दादा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "पासपोर्ट दे उद्या. फोटोही लागतील. खलास, ठरलं."

रात्रीची नोंद करायला वही उघडली तर त्या दिवसाचं पान आधीच लिहिलेलं होतं, आजींच्या तिरप्या, जुन्या वळणाच्या अक्षरात: 'दुपारी झोप नाही. मुकुट चाटला. गाल तपासले, रिकामे. मावशी दमली आहे, उद्या उशिरा उठवावी.' मी खाली माझी नोंद केली नाही. जागाच उरली नव्हती.

आजी परत निघाल्या तेव्हा उरलेल्या हलव्याचा एक डबा त्यांनी मागून घेतला. त्यांच्या भावाच्या मुलीचं सासर साताऱ्याला आहे, तिच्याकडून तो माझ्या आईला पोचवणार होत्या. मी तो मांडीवर घ्यायला सांगितला, पिशवीत नको म्हटलं, झाकणाला कागद लावला, पुन्हा काढून दुसरा लावला.

"अगं, पोचेल," आजी म्हणाल्या. "एवढी काय धास्ती!"

"फक्त फ्रीजमध्ये ठेवू नका, आजी."

लिफ्टचं दार बंद होईपर्यंत त्यांचं हसू ऐकू येत होतं. आठ दिवसांनी आईचा फोन आला. तिने दाणा जिभेवर ठेवला होता, बोलताना तो दाताला लागत होता.

"काटा बारीक आलाय," ती म्हणाली. मग दाणा चावल्याचा आवाज आला. "पर आलाय."

आईने माझ्या कामाला यापेक्षा चांगलं कधी म्हटलेलं नाही. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला, कारण खोलीच्या त्या टोकाला धाकटा सोफ्याला धरून उभा राहिला होता आणि त्याने एक हात सोडला होता.